आपला की परका? १/७२ मापातल्या पाच गाड्या आणि त्यांच्या खुणा

२१ सप्टेंबर

जानेवारीत आमच्या मॉडेलवाल्या मंडळींचं छोटं प्रदर्शन आहे. दरवेळी मी एकच रणगाडा करतो, त्याच्यावर चिखल थापतो आणि लोक "छान छान" म्हणून पुढे जातात. यंदा एका फळीवर पाच गाड्या ठेवणार. पाचही गाड्यांवर एकच गोष्ट बघायची: आपल्याच लोकांनी आपल्याला उडवू नये म्हणून रंगवलेली, बांधलेली किंवा चिकटवलेली खूण.

यादी ठरली ती अशी. १९३९ पोलंडमधला जर्मन पॅन्झर ४ रणगाडा. १९४४ नॉर्मंडीतला शर्मन. टी-५५ दोनदा, एक १९६८ च्या प्रागमधला सोव्हिएत आणि एक १९७१ चा आपला. शेवटी १९९१ च्या आखाती युद्धातली ब्रिटिश वॉरियर, म्हणजे सैनिक नेणारी चिलखती गाडी. माप १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, कारण १/३५ च्या पाच किटांचा खर्च घरात सांगण्यासारखा नाही.

किटांचे ६,९५० रुपये गेले. फळीसाठी प्लायवूड ३५० ला, पण दुकानदाराने कापून दिलेली कड तिरकी निघाली. पहिली संध्याकाळ कानस मारण्यात गेली.

२९ सप्टेंबर: पॅन्झर

पहिलाच घोळ. खोक्यावर 'पॅन्झर ४' दिसलं आणि उचललं. सांगाडा जोडून झाल्यावर तोफ हातात घेतली तेव्हा ट्यूब पेटली: ही लांब नळी १९४२ ची आहे. १९३९ ला याच गाडीवर आखूड, ठोंबी तोफ होती. आता सगळं परत करता येणार नाही. नळी कापून आखूड केली, टोकाला ड्रिलने भोक पाडलं. जाणकार माणूस जवळून बघेल तर बाकीच्याही दोन-तीन चुका सापडतील. सापडू देत. तुम्ही करणार असाल तर खोक्याच्या बाजूला छापलेलं उपमॉडेल वाचून घ्या, माझ्यासारखं चित्र बघून नको.

क्रॉस मात्र सोपा. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या घुमटाच्या) दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र, भरीव, जाड. मी मास्किंग टेप लावून ब्रशने दोन हात दिले. सुकल्यावर टेबलापासून मागे सरकलो आणि स्वतःशीच हसलो. काळपट राखाडी गाडीवर तो क्रॉस इतका उठून दिसतो, की नेम धरायला दुसरं काही लागूच नये. पोलंडमध्ये झालंही तेच. पोलिश रणगाडाविरोधी तोफांच्या गोलंदाजांना आयतं लक्ष्य मिळालं. मग जर्मन पोरांनी क्रॉसवर चिखल फासायला सुरुवात केली, काहींनी मधला भाग पिवळ्या रंगाने भरून टाकला. त्या मोहिमेनंतर भरीव पांढरा क्रॉस गेला आणि नुसत्या कडा पांढऱ्या असलेला आला.

म्हणून माझ्या पॅन्झरचा डावा क्रॉस स्वच्छ ठेवला आणि उजव्यावर चिखल फासला. चिखल म्हणजे टेराकोटा पिगमेंट आणि पाणी, ब्रशने नाही तर बोटानेच. त्या पोरांनीही बोटानेच फासला असणार.

६ ऑक्टोबर: शर्मन, पहिला प्रयत्न

मित्रराष्ट्रांचा पांढरा तारा. तारा अमेरिकी, पण नॉर्मंडीत ब्रिटिश, कॅनेडियन, पोलिश सगळ्यांच्याच गाड्यांवर होता. माझा शर्मन ब्रिटिशांकडचा. तारा टरेटच्या डोक्यावर, त्याभोवती गोल. हा गोल शोभेचा नाही. लांबून बघितलं की ताऱ्याची टोकं एकमेकांत मिसळतात आणि तो जर्मन क्रॉससारखा भासतो. गोल घातला की ती गफलत कमी होते.

किटमधलं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) पिवळं पडलेलं निघालं. मग स्टेन्सिल करायचं ठरवलं आणि आमच्या कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडे गेलो. तो दिवसभर बुलेटच्या टाक्यांवर नावं आणि रिक्षांच्या काचांवर आईवडिलांचे आशीर्वाद कापत असतो. त्याला म्हटलं, "बारा मिलिमीटरचा तारा हवाय, भोवती गोल." त्याने विचारलं, "कुठल्या गाडीला?" मी म्हटलं, शर्मन. "नवीन आलीय का?"

पहिला तुकडा वाया गेला. इतक्या लहान मापात प्लॉटरची सुरी वळताना विनाइल ओढते आणि ताऱ्याची टोकं बोथट होतात. त्याने सुरी बदलली, वेग कमी केला, तेव्हा दुसरा बरा निघाला. दोन्ही वेळचे मिळून ३०० रुपये. तो म्हणाला, गोल पूर्ण कापला तर मधला तुकडा सुटून पडेल, थोडं जोडून ठेवतो. जुन्या फोटोंत बऱ्याच गाड्यांवर गोल तुटक दिसतो, त्याचं कारणही हेच. स्टेन्सिलच्या पट्ट्यांची जागा कोरी राहायची आणि घाईत ती भरायला कोणी बसायचं नाही. ऐंशी वर्षांपूर्वीची अडचण रेडियमवाल्याने स्वतःहून सांगितली, मला फार बरं वाटलं.

रंग मात्र स्टेन्सिलखाली झिरपला. टोक टोक फुटल्यासारखं झालं. पुसून परत.

१३ ऑक्टोबर: शर्मन, दुसरा प्रयत्न आणि वार्निशचा घात

झिरपण्यावर उपाय: आधी स्टेन्सिलच्या कडांवर गाडीचाच हिरवा रंग पातळ मारायचा. जे काही झिरपायचं ते हिरवं झिरपतं आणि फट बुजते. मग वरून पांढरा. आणि स्पंजने ठोकायचा, ब्रशने ओढायचा नाही. दुसऱ्या फटक्यात तारा कोरीव आला.

त्याच आनंदात मॅट वार्निशचा कॅन काढला आणि गॅलरीत फवारला. बाहेर परतीचा पाऊस, हवा ओली गच्च. दहा मिनिटांत अख्ख्या शर्मनवर दुधाची साय आली. चार दिवस त्याच्याकडे बघवलं नाही. शेवटी ग्लॉस वार्निश ब्रशने पातळ दिलं, खाली हेअर ड्रायर लावला, तेव्हा साय बरीचशी उतरली. मॅटचा कॅन अर्धा फुकट गेला, पुढे दुसरा घ्यावा लागला. एक कॅन ४२० ला. ढगाळ दिवशी वार्निश नको, एवढं तरी माझ्या अनुभवातून घ्या.

शर्मनशेजारी पिवळ्या धुराचा कापूस ठेवायचा बेत होता, तो सोडला. पण धुराची गोष्ट फळीवरच्या कार्डावर लिहिणार आहे, कारण ती खुणांच्या मुळाशी जाते. नॉर्मंडीत जमिनीवरच्या दोस्त सैन्याने विमानांना आपली ओळख पटवायला पिवळा धूर, पिवळे दिवे लावायचे, असं ठरलेलं. १४ ऑगस्ट १९४४ ला तिथल्याच फलेज गावाच्या वाटेवर ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडची विमानं आली. त्यातल्या काहींनी कॅनेडियन आणि पोलिश तुकड्यांवरच बॉम्ब टाकले. खालच्या लोकांनी जिवाच्या आकांताने पिवळा धूर सोडला. पण त्या बॉम्बर दळाकडे लक्ष्य दाखवणाऱ्या दिव्यांचा रंग पिवळाच होता. 'आम्ही तुमचे' हे वरून 'इथे टाका' असं वाचलं गेलं आणि आणखी बॉम्ब पडले.

२ नोव्हेंबर: टी-५५, प्राग १९६८

दिवाळीत काम बंद. फळी कपाटावर गेली आणि साफसफाईत पॅन्झरचं एक चाक हरवलं. चिखलाच्या बाजूचं होतं, म्हणून चिखलच वाढवला.

२० ऑगस्ट १९६८ च्या रात्री वॉर्सा करारातली सैन्यं चेकोस्लोव्हाकियात घुसली. अडचण अशी, की ज्यांच्यावर चाल करून जायचं त्यांच्याकडेही हेच टी-५४ आणि टी-५५. चेकोस्लोव्हाकियात तर ते तयारच व्हायचे. मग घुसणाऱ्या प्रत्येक गाडीवर पांढरे पट्टे मारले, एक लांबीत, एक रुंदीत, टरेटच्या डोक्यावरून. वरून बघितलं तर दोरीने बांधलेलं पार्सल.

टरेट ओतीव, गोल गरगरीत. त्यावर सरळ टेप बसत नाही, सुरकुत्या पडतात. दीड मिलिमीटरच्या बारीक पट्ट्या कापून शेजारी शेजारी लावल्या, दोन तास गेले, आणि पट्टा अगदी फूटपट्टीने आखल्यासारखा आला. तिथेच चुकलं. फोटोतले पट्टे असे नाहीतच. ते घाईने, रुंद ब्रशने, हँडलवरून, साखळीवरून, जे मधे येईल त्याच्यावरून फासलेत. माझा टी-५५ शोरूममधून आलेला दिसत होता. थिनरने पट्टा पुसला आणि एका हाताने, टेपशिवाय, चार मिनिटांत परत मारला. एका बाजूला ओघळ आला तो तसाच ठेवला. फळीवरचं सर्वांत चांगलं काम हेच झालंय, आणि ते चार मिनिटांचं आहे.

१० नोव्हेंबर: टी-५५, आपला

याच गाडीसाठी मी हा सगळा उद्योग मांडला, हे आता कबूल करतो.

१९७१ ला आपल्याकडे टी-५४ आणि टी-५५, पाकिस्तानकडे चिनी टाइप ५९. टाइप ५९ म्हणजे टी-५४ चीच चिनी आवृत्ती. बाह्यरेषा तीच, तीच बुटकी बैठक, तेच घुमटासारखं टरेट. जम्मूकडच्या छांबच्या आघाडीवर मुनव्वर तवी नदीच्या काठाने आपली डेक्कन हॉर्स आणि ७२ आर्मर्ड रेजिमेंट यांच्यासमोर हेच टाइप ५९ होते. धुळीत, धुक्यात, डिसेंबरच्या सकाळी दुर्बिणीतून कोण कुणाचा ओळखायचं?

आपल्या लोकांनी काढलेला तोडगा रंगाचा नव्हता. तोफेच्या नळीच्या मध्यावर एक खोटी फुगीर बाही चढवली. आपल्या विजयंता आणि सेंच्युरियन रणगाड्यांच्या नळीवर मधोमध धूर खेचणारा फुगवटा असतो. टी-५५ चा फुगवटा तोंडाशी. मध्येही एक दिसला की समजायचं, आपला. पांढरा पट्टा चिखलाने झाकतो, रात्री दिसत नाही, आणि समोरच्याला नेम धरायला उपयोगी पडतो. बाही बाह्यरेषाच बदलते, शत्रूच्या तोफेला मात्र काही फुकट देत नाही. माझ्या मते पाचांत हीच सर्वांत हुशार खूण.

१/७२ मध्ये ती करायला काही विकत घ्यावं लागत नाही. संपलेल्या बॉलपेनची रिफिल घ्या. जाड, पांढरी, जुन्या पद्धतीची. आतली शाई स्पिरिटमध्ये काढा. (मी घाई केली, आणि प्राइमर मारल्यावर निळा डाग वर आला. दोनदा.) सहा मिलिमीटरचा तुकडा ब्लेडने कापा, उभी चीर द्या, नळीवर चढवा, चीर खालच्या बाजूला. कडा सँडपेपरने किंचित उतरत्या करा. पहिला तुकडा मी मध्यावर न बसवता जरा पुढे बसवला होता. तोंडाच्या खऱ्या फुगवट्याजवळ गेला की दोन्ही मिळून एकच लांब गाठ दिसते आणि सगळा मुद्दाच जातो. काढून मागे घेतला.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन आलेले लोक प्रदर्शनात दरवर्षी असतात, म्हणून हे काम तीनदा तपासलं. मीही तिथे तीनदा गेलोय. पण गाडीच्या डोक्यावर काय रंगवलंय हे जमिनीवरून दिसत नाही, हे मला चौथ्या मॉडेलपर्यंत पोचल्यावर कळलं.

२३ नोव्हेंबर: वॉरियर

१९९१. वाळूच्या रंगाच्या गाडीवर काळा उलटा व्ही. इराकविरुद्ध एकत्र लढणाऱ्या बहुतेक देशांच्या गाड्यांवर तो होता. सोबत चमकदार कापडी पॅनल, एका बाजूने गुलाबी, दुसऱ्या बाजूने केशरी, विमानांना वरून दिसावं म्हणून.

व्ही रेडियमवाल्याकडे नेलाच नाही. आठ मिलिमीटरचा होता, टेपवर ब्लेडने कापला आणि एका दमात जमला.

पॅनलने रडवलं. खरं पॅनल साधारण दोन फूट बाय सहा फूट, म्हणजे माझ्या मापात ८ बाय २५ मिलिमीटर. आधी फ्लोरोसंट कार्ड लावलं, किराणा दुकानात 'आजचा भाव' लिहितात ते. ताठ बसलं, पत्र्यासारखं. मग टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून गाडीच्या मागच्या डेकवर अंथरला, ओला असतानाच काडीने चुण्या पाडल्या. कापड म्हणून झकास. पण वर फ्लोरोसंट गुलाबी मारला तर मातकट दिसला. हा रंग पारदर्शक असतो, खालच्या वाळूरंगाने त्याला खाल्लं. पांढऱ्याचे दोन हात आणि मग गुलाबीचे तीन, तेव्हा कुठे डोळ्यात घुसायला लागला. बायको म्हणाली, "सगळ्या गाड्यांत हीच तेवढी आनंदी दिसतेय."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. २६ फेब्रुवारी १९९१ ला अशाच दोन वॉरियर अमेरिकेच्या ए-१० या जमिनीवर मारा करणाऱ्या विमानांनी उडवल्या. ९ तरुण ब्रिटिश सैनिक गेले, सहा रॉयल रेजिमेंट ऑफ फ्युसिलिअर्सचे आणि तीन क्वीन्स ओन हायलँडर्सचे. गाड्यांवर खुणाही होत्या आणि पॅनलंही.

७ डिसेंबर: गच्चीवरची चाचणी

हे काम यादीत नव्हतं. रंगवताना मनात आलं, की खूण दिसते का हे मी अर्ध्या फुटावरून ठरवतोय. १/७२ मध्ये १४ मीटर म्हणजे खरा एक किलोमीटर. आमच्या सोसायटीची गच्ची जेमतेम तेवढी आहे.

पाचही गाड्या कठड्यावर ओळीने ठेवल्या. पुतणीला, वय नऊ, दुसऱ्या टोकाला पाठ करून उभं केलं. "वळ" म्हटलं की वळायचं, मी दोन आकडे मोजेपर्यंत बघायचं, परत पाठ करायची आणि सांगायचं. बक्षीस एक डेअरी मिल्क, हा खर्च हिशेबात धरलेला नाही.

पॅन्झरचा स्वच्छ क्रॉस पहिल्या झटक्यात. "पांढरं काहीतरी, डावीकडच्या गाडीवर." गाडी फिरवून चिखलाची बाजू पुढे केली, तर "काही नाही". प्रागचा पट्टा दिसला. शर्मनचा तारा नाहीच, कारण तो डोक्यावर आणि ती समोर. तो तिच्यासाठी नव्हताच. वॉरियरचा व्ही? "डाग आहे." व्ही आहे का विचारलं तर म्हणाली, "काका, घाण लागलीय त्याला." एक किलोमीटरवरून काळा उलटा व्ही म्हणजे एक घाणेरडा ठिपका. गुलाबी पॅनल दिसलं, पण तिने ते फूल समजलं.

तिला आधी काय शोधायचं ते सांगितलं आणि परत केलं, तेव्हा पाचपैकी चार बरोबर सांगितल्या.

रात्री २००३ च्या इराक युद्धातलं एक प्रकरण परत वाचलं. २८ मार्च, बसऱ्याजवळ. ब्रिटिश हाउसहोल्ड कॅव्हलरीच्या गाड्यांच्या रांगेवर दोन अमेरिकी ए-१० वैमानिकांनी हल्ला केला, त्यात लान्स कॉर्पोरल ऑफ हॉर्स मॅटी हल मारला गेला. २००७ मध्ये कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग बाहेर आलं. वैमानिकांना केशरी पॅनलं दिसली होती. या भागात आपलं कोणी नाही असं त्यांना आधी सांगितलं गेलं होतं, म्हणून त्या केशरी गोष्टी त्यांनी रॉकेट्स ठरवल्या. पुतणीने फूल ठरवलं तसं.

वॉरियरचा व्ही पुसून मोठा करावा का, असा विचार केला. केला नाही. खऱ्यावर जेवढा, तेवढाच.

१५ डिसेंबर: उष्णतेचा कॅमेरा, फसलेला दिवस

आखाती युद्धात रणगाड्यांची बरीच लढाई रात्री झाली, थर्मल साइटमधून, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीतून. तिथे रंग नसतोच, फक्त गरम आणि थंड. काळ्या पेंटचा व्ही त्यात दिसेल का? माझा एक मित्र इलेक्ट्रिकल पॅनलांची तपासणी करतो, लूज कनेक्शन कुठे तापतंय ते बघायला त्याच्याकडे थर्मल कॅमेरा आहे. एका मिसळीवर तो कॅमेरा घेऊन आला.

मॉडेलं यासाठी फार लहान. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, वाळूरंग दिला, आत गरम पाणी भरलं. ही आपली 'गाडी'. एका बाजूला काळ्या पेंटचा व्ही. दुसऱ्या बाजूला एसीवाले डक्टला लावतात ती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, तीही व्हीच्या आकारात.

काळा व्ही कॅमेऱ्यात नाहीच. डबा सगळा एकसारखा तांबडा. अगदी अपेक्षित. पण पट्टीही दिसेना! मी हुशारी केली होती: पट्टी चमकते, वाईट दिसते म्हणून तिच्यावरही वाळूरंग मारला होता. पट्टीचं काम तिच्या उघड्या धातूच्या पृष्ठभागामुळे होतं. त्यावर साधा पेंट आला की ती डब्यासारखीच उष्णता फेकू लागते. रंग खरवडला तर पट्टी फाटली. शिवाय आकाशही ढगाळ होतं. मित्र म्हणाला, "मिसळ तरी बरी होती."

२२ डिसेंबर: परत, कोरड्या रात्री

आकाश स्वच्छ, थंडी मस्त. नवी पट्टी, रंग न मारता.

आता व्ही दिसला, गरम डब्यावर गार, गडद. पण त्यात काहीतरी हलत होतं. मी डावीकडे सरकलो तर तेही सरकलं. कॅमेऱ्यात नीट बघितलं तर तो मीच. पट्टी आरशासारखी माझ्या अंगाची ऊब परत पाठवत होती. मी बाजूला झालो तर कठड्याची ऊब.

मग पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यावर पट्टी लावली आणि डब्यावर तिरका टेकवला, तोंड वर आकाशाकडे. कॅमेऱ्यात तिथे एकदम काळंकुट्ट भोक पडलं. मोकळ्या आकाशाचा आकडा कॅमेऱ्याच्या खालच्या मर्यादेच्याही खाली गेला होता. मित्र विजेची पॅनलं तपासणारा माणूस, त्याने हे कधी बघितलं नव्हतं. दोघंही शाळकरी पोरांसारखे तो पुठ्ठा वर-खाली करत बसलो. वर केला की भोक, खाली केला की मी.

१९९१ नंतर गाड्यांवर जी ओळख-पॅनलं आली आणि २००३ ला इराकमध्ये दिसली, ती खिडकीच्या झडपांसारखी तिरक्या पट्ट्यांची का असतात, ते एवढ्या वेळात डोक्यात बसलं. त्या पट्ट्या थंड आकाश साइटमध्ये पाठवतात, गरम गाडीवर गार चौकोन दिसतो.

१९९१ च्या लढाईत मेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी ३५ जण आपल्याच माऱ्यात गेले, जवळपास चौथा हिस्सा. त्यांच्याही गाड्यांवर उलटा व्ही होता. काळा पेंट दिवसा, डोळ्यांनी, जवळून बघणाऱ्यासाठी. मारणारा बऱ्याचदा रात्री, लांबून, उष्णता बघत होता.

डबा फळीवर ठेवणार आहे. मॉडेल नाही, पण राहू दे.

२८ डिसेंबर: छोटा दिवा

अमेरिकनांनी ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर टिचकीसारखा बसणारा अदृश्य प्रकाशाचा दिवा काढला होता, रात्रीच्या दुर्बिणीतून लुकलुकणारा. इन्फ्रारेड एलईडी आणि क्लिप मिळून ४० रुपयांत मी तसा केला. पहिला एलईडी रेझिस्टर न लावता जोडला आणि तत्काळ मेला. ३३० ओहम लावल्यावर दुसरा चालला. डोळ्याला काही नाही, मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट ठिपका. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, त्यात बहुधा फिल्टर असतो. म्हणजे ज्याच्याकडे तसा डोळा त्याला दिसणार, मग तो कुणाच्याही बाजूचा असो. लुकलुकण्याचं सर्किट वेळेअभावी सोडून दिलं.

११ जानेवारी: प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी

एकूण खर्च: किट ६,९५०, फळी ३५०, रेडियम ३००, मॉडेलची टेप २८०, दोन वार्निश ८४०, ॲल्युमिनियम पट्टी १२०, फ्लोरोसंट रंग ९०, दिवा ४०. बेरीज ८,९७०. बाकीचे रंग घरात होते. वेळ मोजला नाही, पण वाया गेलेला ठोकळमानाने १६ तास, त्यातला अर्धा वार्निश आणि गुलाबी पॅनलने खाल्ला.

फळी स्कूटरवरून नेताना स्पीड ब्रेकरवर आपल्या टी-५५ ची रिफिलची बाही निसटून नळीच्या तोंडापाशी गेली. हॉलवर पोचल्यावर मागे ओढली आणि सुपरग्लूचा थेंब सोडला. सुपरग्लूची वाफ बसून बाहीभोवती पांढुरकी बुरशी आली. पुसायला गेलो तर रंगही निघायला लागला, म्हणून हात काढून घेतला. लांबून छांबची धूळ वाटते.

बाहीवर बोट ठेवून विचारणाऱ्यांसाठी कार्ड लिहून ठेवलंय. पेन मात्र रिफिलशिवाय निघालं, कार्ड पेन्सिलने लिहिलं.